गृध्रराजाचें दर्शन

नाशिक क्षेत्रीं अरण्यकांडांतील बहुतेक मंडळींची व्यवस्था लागलेली आहे. प्रभु रामचंद्र काळ्या रामाच्या देवळांत नांदत आहेत. सीतामाईची गुंफा पंचवटींत असून तींत वांकून शिरण्यासाठीं यात्रेकरूंची रांग लागते. लक्ष्मणाची व शूर्पणखेची गांठ पडली ती जागा तपोवनांत दाखवितात, आणि तिच्या छाटलेल्या नाकावरूनच गांवाला नांव पडलें असें सांगणारेही पुष्कळ भेटतात. ह्या सर्वांत एकच पात्र असें आहे कीं, ज्याचा पत्ता यात्रेकरूस कोणी आपण होऊन सांगत नाहीं. तें पात्र म्हणजे सीतेसाठीं ज्यानें प्राण वेंचला, तो जटायु. वास्तविक त्याचे वंशज नाशिक जिल्ह्यांत अद्याप आहेत. ते देवळांत राहत नाहींत. अंजनेरीच्या कड्यावर, हाडामांसाचे आणि पंखांचे असे राहतात. त्यांची आमची गांठ कशी पडली, आणि तींतून आमच्या घरांत कोणता प्रश्न उभा राहिला, तें वाचकांस सांगावें असें मनांत आहे.

गेल्या माघांत शनिवार-रविवार साधून आम्ही मुंबईहून नाशिकास गेलों. मंडळी पांच: आम्ही, आमची सौ., दोन मुलें आणि आमच्या आत्याबाई. आत्याबाईंचें वय अठ्याहत्तर. पोटीं मूलबाळ नाहीं. यजमान वारल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. यजमानांच्या नांवें रामकुंडावर एकदां श्राद्ध व्हावें, ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. शनिवारीं तें कार्य यथासांग पार पडलें. वर्षांतून आणखी एक गोष्ट त्या नेमानें करीत आल्या आहेत. यजमानांच्या तिथीस एका गोशाळेला, तेथील भाकड व म्हाताऱ्या गाईंच्या चाऱ्यासाठीं, आपल्या निवृत्तिवेतनांतून कांहीं रक्कम त्या धाडतात. ही गोष्ट येथें सांगून ठेवण्याचें कारण पुढें कळेल.

रविवार मुलांच्या वांट्याचा होता. चिरंजीवांनीं दुर्बीण बरोबर घेतली होती व त्यांस अंजनेरी चढावयाची होती. नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जातांना सुमारें वीस किलोमीटरांवर हा डोंगर लागतो. अंजनीमातेचें स्थान व मारुतिरायाचें जन्मस्थान म्हणून त्याची ख्याति आहे. माथा समुद्रसपाटीपासून सुमारें तेराशें मीटर उंच. येथील दुर्मिळ वनस्पतींसाठीं व पांखरांसाठीं २०१७ सालीं शासनानें डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. आत्याबाईंनीं खालीं गाडींत बसावें असें आम्हीं सुचविलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "मारुतीच्या दाराशीं येऊन गाडींत काय बसायचं? गुडघ्याची गोळी घेतली आहे मी. जमेल तितकं चढेन." आणि खरोखरच काठी टेंकीत, दर वीस पायऱ्यांवर श्वास घेत, त्या घळीच्या वरपर्यंत आल्या.

वाट दाखविण्यास पायथ्याच्या गांवांतील एक तरुण सोबत घेतला होता. कातळाच्या सांवलींत आम्ही विसावलों तेव्हां नऊ वाजून गेले असतील. समोरच्या उभ्या कड्यावर, एका कपारीच्या खालीं, चुन्याची बादली उपडी व्हावी तसे पांढरे ओघळ उतरले होते. "तिथं रंग कोणीं सांडला?" असें कन्येनें विचारलें.

"रंग नव्हे ताई, गिधाडांची शीट आहे ती," तो तरुण म्हणाला. "त्या कपारींत घरटीं आहेत त्यांचीं. आतां पिलूं असेल आंत, म्हणून इथूनच बघायचं, ओरडायचं नाहीं. अजून ऊन तापलं नाहीं. कातळ तापला म्हणजे उठतील बघा."

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. गिधाड हें वजनानें पांच-सहा किलोंचें पाखरूं. पंख मारमारून दिवसभर उडणें त्यास परवडत नाहीं. उन्हानें खडक तापला, कीं त्यावरील हवा तापून वर चढूं लागते, आणि त्या चढत्या हवेवर पंख पसरून तें चक्राकार वर जातें. पुष्कळ उंचावर पोंचल्यावर तेथून घसरत दुसऱ्या डोंगराकडे, आणि तेथें पुन्हां वर. अशा रीतीनें एका दिवसांत तें कित्येक कोस हिंडतें. नजर तीक्ष्ण, शिवाय प्रत्येकाचें लक्ष शेजाऱ्यावर. एक खालीं उतरूं लागलें, कीं दूरवरून दुसरीं तिकडे वळतात.

आम्ही दशम्या खात बसलों होतों. दहाच्या सुमारास कपारींतलें एक काळसर तपकिरी गांठोडें कडेवर सरकलें आणि त्यानें आपणांस खालीं सोडून दिलें. सौ.नें आमचा हात घट्ट धरला. तिला वाटलें, पडलें. परंतु दुसऱ्याच क्षणीं त्या गांठोड्याचे पंख उघडले, आणि उघडतां उघडतां ते इतके लांबले कीं आम्ही सारेच स्तब्ध झालों. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात फूट! कोणाही उंच पुरुषाहून अधिक. पंखांच्या टोकांचीं पिसें पसरलेल्या बोटांसारखीं. एकदांही पंख न हालवितां दरीवर दोन वळसे घेऊन तें आमच्याच दिशेनें आलें आणि दोन मजल्यांच्या उंचीवरून डोक्यांवरून गेलें. त्याची सांवली आधीं कातळावरून, मग आत्याबाईंच्या पांढऱ्या पदरावरून सरकली. पिसांतून जाणाऱ्या वाऱ्याचा सूं सूं आवाज आम्हांस स्पष्ट ऐकूं आला. जातां जातां त्यानें आपली उघडी मान किंचित् वळविली, खालच्या सहाही जणांकडे नीट पाहिलें, आणि सर्व मंडळी जिवंत आहेत अशी खात्री करून घेऊन तें पुढें निघून गेलें.

"राम राम राम!" आत्याबाई म्हणाल्या. "गिधाड डोक्यावरून गेलं. घरीं गेल्यावर शांत करायला हवी."

"पण आत्याआजी, हा तर जटायू!" चिरंजीव म्हणाले.

आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. मात्र दुर्बीण त्यांनीं मागून घेतली, आणि तें पाखरूं ब्रह्मगिरीच्या बाजूस ठिपका होईपर्यंत त्या तिकडेच पाहत राहिल्या.

मुलाच्या बोलण्यांत मोठा पेंच आहे. आपल्या भाषेंत गिधाडाला एकही चांगला शब्द नाहीं. म्हाताऱ्याच्या इस्टेटीवर भाऊबंद गिधाडासारखे टपून बसतात. संकटांत सांपडलेल्या माणसाभोंवतीं सावकार गिधाडाप्रमाणें घिरट्या घालतो. घराच्या आढ्यावर गिधाड बसलें तर शांत करावी, असें जुनीं माणसें सांगत. आणि इकडे वाल्मीकि तर त्यास गृध्रराज म्हणतो. दशरथाचा मित्र म्हणून तो रामाला आपली ओळख सांगतो व वनांत सीतेच्या रक्षणाचें काम आपण होऊन पत्करतो. रावणाशीं झुंजतांना तो वृद्ध आहे, एकटा आहे, आणि निकाल काय लागणार हें त्यास ठाऊक आहे. तो पडल्यावर राम त्यास पित्याप्रमाणें मान देतो, स्वतः चिता रचून दहन करतो आणि गोदावरीवर जाऊन त्याच्या नांवें उदक देतो. जन्मदात्या बापाच्या चितेला अग्नि देणें ज्याच्या नशिबीं नव्हतें, त्यानें तो एका गिधाडाला दिला! दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवावा म्हणून आपण हात जोडून ताटकळतों; परंतु जटायूच्या जातीची आठवण कोणत्याच पंक्तींत कोणी काढीत नाहीं.

त्या तरुणाशीं बोलतांना एक निराळीच हकीकत निघाली. त्याचा आजा सांगे कीं, गांवांत बैल मेला म्हणजे त्याला गांवाबाहेरच्या माळावर टाकून येत. दुपारपर्यंत आभाळ काळें होई, आणि सायंकाळीं तेथें नुसता सांगाडा उरे. दुर्गंध नाहीं, माशा नाहींत. "आतां गुरूं मेलं तर चार-चार दिवस पडून राहतं, काका," तो म्हणाला. "नाहींतर पुरायचं. कुत्रीं येतात, आणि कुत्र्यांची भीति वाटते पोरांना."

आम्ही मुंबईचे, तरी हें चित्र आम्हांस अपरिचित नव्हतें. आमच्या लहानपणीं मलबार हिलवरील पारशी मंडळींच्या दोखम्यांवर गिधाडें घिरट्या घालीत. तीं तेथून केव्हां नाहींशीं झालीं, हें गिरगांवांत कोणास विचारलें तर सांगतां येणार नाहीं. पारशी समाजास मात्र तें फार लवकर कळलें. त्यांच्या प्राचीन संस्कारांत गिधाडांचें जें कार्य, त्यासाठीं दोखम्यांत सूर्याचे किरण एकवटणारीं यंत्रें बसविण्याची वेळ त्यांच्यावर आली.

ह्या ऱ्हासाची कहाणी थोडक्यांत अशी. १९८० नंतरच्या काळांत पांढऱ्या पाठीचें गिधाड हें जगांतील मोठ्या शिकारी पक्ष्यांत संख्येनें सर्वांत अधिक असावें, असें पक्षिशास्त्रज्ञ मानीत. १९९० नंतर भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यांत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभु प्रकाश ह्यांस घरटीं ओस पडलेलीं व गिधाडें माना टाकून मेलेलीं आढळूं लागलीं. १९९२ पासून २००७ पर्यंतच्या पंधरा वर्षांत देशांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक उरलीं, आणि अंजनेरीवर आम्हीं पाहिलें त्या लांब चोंचीच्या जातीचीं शंभरांत तीन. कोणी रोगराई म्हणे, कोणी कीटकनाशकें म्हणे. २००४ सालीं लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं पाकिस्तानांतील मेलेलीं गिधाडें तपासून खरें कारण उघडकीस आणलें. तें होतें डायक्लोफेनॅक नांवाचें वेदनाशामक औषध.

हें औषध १९९० नंतर स्वस्त झालें आणि लंगडणाऱ्या, तापलेल्या, म्हाताऱ्या गुरांस तें सर्रास टोंचलें जाऊं लागलें. गाईला त्याचा उतार पडे. पण औषध दिल्यावर दोन-चार दिवसांत ती दगावली आणि गिधाडांनीं तिचें मांस खाल्लें, तर त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत. रक्तांतील युरिक आम्ल बाहेर पडेना. तें काळजावर व यकृतावर पांढऱ्या पुटासारखें सांचे, आणि थोड्याच दिवसांत पाखरूं मरे. शंभर मृत गुरांतील एकाहूनही कमी गुरांत हें विष असलें तरी एवढा संहार होण्यास पुरेसें होतें. कारण एका गुरावर कित्येक गिधाडें जमतात, आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडें घालते. पटकी-फाशीसारख्या रोगांनीं मेलेल्या जनावराचें मांस पचविणारें हें पोट. त्यास हार खावी लागली ती आपल्या औषधापुढें.

येथें थांबून विचार करण्यासारखें आहे. वाघ नाहींसा झाला तो बंदुकीनें, माळढोंक नाहींसा होत आहे तो माळ नांगरल्यानें व विजेच्या तारांनीं. तेथें दोष लोभाला देतां येतो. गिधाड मात्र कोणाच्याही क्रौर्यानें मेलें नाहीं. गाईला वेदना होऊं नयेत म्हणून ज्यानें चार पैसे खर्चिले, त्याच्या भूतदयेनें तें मेलें. दयेची नजर जेथवर पोंचली, तेथवरच्या प्राण्याला सुख झालें. नजरेपलीकडे असलेल्याला त्याच दयेचें विष झालें.

हें सारें आम्हीं कातळावर बसून सांगितलें तेव्हां आत्याबाईंनीं पिशवींतून गोळ्यांची पट्टी काढली व आमच्यापुढें धरली. "हें काय लिहिलंय, वाच." पट्टीवर तेंच नांव होतें. डॉक्टरांनीं लिहून दिलेली, माणसांसाठीं कायदेशीर, रोज लाखों लोक घेतात अशी ती गोळी. तिच्याच बळावर त्या येथवर चढल्या होत्या. बराच वेळ त्यांनीं ती पट्टी हातांत उलटसुलट केली. मग म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला चालतं, गाईच्या पायाला चालतं, आणि त्या पाखराला तेवढं चालत नाहीं. बरं, मी मेल्यावर मला जाळाल तुम्ही. गाईला कोण जाळतं?"

ह्या एका प्रश्नांत शास्त्रज्ञांच्या निबंधाचें सार आलें. गिधाड गेल्यावर गाईचें प्रेत कोणाकडे जातें? भटक्या कुत्र्यांकडे, नदीनाल्यांच्या पाण्याकडे. कुत्रीं वाढलीं, आणि पिसाळलेल्या कुत्र्यांचें भय त्यांच्याबरोबर आलें. अनंत सुदर्शन व इयाल फ्रँक ह्या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें अनुमान काढलें आहे कीं, गिधाडें नाहींशीं झाल्यामुळें २००० ते २००५ ह्या काळांत हिंदुस्थानांत सुमारें पांच लाख माणसें अधिक मेलीं. ज्याच्या सांवलीला आपण अशुभ म्हटलें, तो आढ्यावर येईनासा झाला तेव्हां खरें अशुभ घडलें.

उपाय झालेच नाहींत असें नव्हे. २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं ह्या औषधाची बंदी केली. त्याच वर्षीं मेलॉक्सिकॅम हें दुसरें वेदनाशामक गिधाडांस बाधत नाहीं असें प्रयोगांनीं सिद्ध झालें. म्हणजे गाईला वेदनेंत ठेवण्याचें कारणच उरलें नाहीं. परंतु माणसांसाठीं विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोंचत राहिल्या, तेव्हां २०१५ सालीं त्या कुप्या एका मात्रेपुरत्याच असाव्या असा निर्बंध आला. किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक हीं तशींच घातक ठरलेलीं औषधें २०२३ सालीं गुरांसाठीं बंद झालीं. हरियाणांत पिंजोर येथें गिधाडांची पैदास करणारें केंद्र आहे आणि त्यास जटायूचेंच नांव दिलें आहे. तेथील वीस गिधाडें २०२४ च्या जानेवारींत आपल्या विदर्भांत, पेंच व ताडोबा येथें आणण्यांत आलीं. आणि अंजनेरीच्याच तालुक्यांत, हरसूलकडील खोरीपाडा येथें, वनखात्यानें व गांवकऱ्यांनीं मिळून गिधाडांसाठीं अन्नछत्र घातलें. घातक औषध न दिलेलें मृत गुरूं त्यांच्यासाठीं राखीव जागेंत ठेवावयाचें, अशी ती योजना. माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं आपल्या पूर्वजांनीं अन्नछत्रें चालविलीं. वनवासी पाड्यांतील माणसांनीं तें पुण्य गृध्रराजापर्यंत नेलें.

परततांना आत्याबाईंच्या आग्रहावरून आम्ही घोटीकडून इगतपुरी तालुक्यांतील टाकेदला गेलों. जटायु येथें पडला, आणि त्याच्या मुखीं घालण्यास रामानें बाण मारून सर्व तीर्थांचें पाणी ह्या कुंडांत आणलें, अशी येथील श्रद्धा. म्हणून स्थानाचें नांव सर्वतीर्थ टाकेद. महाशिवरात्रीला येथें यात्रा भरते. आंध्रांत लेपाक्षीसही तो पडल्याचें सांगतात, आणि केरळांत चडयमंगलमच्या खडकावर तर त्याचें प्रचंड शिल्पच उभारलें आहे. अशा वादांत आत्याबाई पडत नाहींत. कुंडाचें पाणी त्यांनीं ओंजळींत घेतलें आणि आदल्या दिवशीं रामकुंडावर यजमानांसाठीं जितक्या गंभीरपणें हात जोडले होते, तितक्याच गंभीरपणें तें सोडलें. शांतीची गोष्ट मग पुन्हां निघाली नाहीं.

मुंबईस परतल्यावर चौथ्या दिवशीं त्यांनीं चिरंजीवांस जवळ बसवून गोशाळेच्या चालकांस पत्र लिहविलें. मजकूर एवढाच होता: "आपणांकडील वृद्ध गाईंना दुखण्यावर कोणतें औषध टोंचतात तें कळवावें. गाय मेल्यावर तिचें काय करतां तेंही कळवावें. उत्तर आल्यावर ह्या वर्षींची रक्कम पाठवीन." आम्हांस थोडा संकोच वाटला. दान देतांना इतकी उलटतपासणी बरी दिसते काय, असें सौ.नेंही विचारलें. आत्याबाई म्हणाल्या, "गेलीं कित्येक वर्षं पैसे देतें आहे. माझ्या पैशानं काय टोंचतात, एवढं विचारायचा मला हक्क नाहीं?"

प्रथम आली ती नुसती छापील पोंच, मागील देणगीबद्दल आभार मानणारी. आत्याबाईंनीं तेंच पत्र पुन्हां लिहविलें. तिथि जवळ येत चालली होती, आणि यजमानांच्या नांवाचें दान इतक्या वर्षांत प्रथमच चुकतें कीं काय ही काळजी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. तरी रक्कम त्यांनीं धाडली नाहीं. अखेर तिथीच्या आदल्या दिवशीं तेथील वयोवृद्ध व्यवस्थापकांचा दूरध्वनि आला. आवाजांत राग नव्हता. ते म्हणाले, "बाई, गुरांच्या डॉक्टरांना बोलावून औषधांचं कपाट आम्हीं दोघांनीं तपासलं. दोन कुप्या निघाल्या, त्या नष्ट केल्या. यापुढं मेलॉक्सिकॅमच आणूं. इतक्या वर्षांत पुष्कळ देणगीदार झाले, पण हें कोणीं विचारलं नव्हतं."

त्याच सायंकाळीं आत्याबाईंनीं रक्कम रवाना केली, नेहमींपेक्षां थोडी अधिक. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं गोग्रास निघतो, ज्यांच्याकडून वडीलधाऱ्यांच्या नांवें गोशाळांस देणग्या जातात, त्यांनीं पुढच्या खेपेस पाकिटांत हे दोन प्रश्नही घालावे, अशी त्यांची विनंति आहे; आणि ती आम्हीं त्यांच्याच शब्दांत येथें पोंचविली आहे.